संसारातील अबोल्याचा हिशेब

‘अति राग, भीक माग’ ही म्हण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रागाच्या भरात माणूस हातचे काम घालवतो, जोडलेली माणसे तोडतो आणि अखेर दारिद्र्याला पोहोचतो, असा तिचा सरळ अर्थ. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून ती शोभते. परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात ही म्हण उलटी वाचली तर ती अधिक खरी ठरते. तेथे दारिद्र्य आधी येते आणि राग मागाहून; आणि रागाच्याही मागाहून येतो तो अबोला. नवराबायकोच्या भांडणाकडे स्वभावदोष म्हणून पाहण्याची समाजाला सवय आहे. एक तापट, दुसरी हट्टी, असे म्हटले की चर्चा संपते. वस्तुतः भावना आवरणे किंवा न आवरणे ही जशी मनाची बाब आहे, तशीच ती पैशाची, श्रमाची, झोपेची आणि अधिकाराचीही बाब आहे. या दृष्टीने खोडाळ्यासारख्या गावाकडे पाहिल्यास शहरातल्या दोन खोल्यांच्या संसारावरही काही प्रकाश पडण्यासारखा आहे.

खोडाळा हे मोखाडे तालुक्यातील मोठे बाजारगाव. कसाऱ्याहून विहीगावमार्गे येणारा डोंगरी रस्ता येथे पोहोचतो आणि पुढे मोखाडे-जव्हारकडे जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा हा मुलूख नव्या जिल्ह्यात गेला. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा आदिवासी समाजांची ही वस्ती. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई आणि उडीद पिकतात. खोलगट भागात थोडा भात. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण २०१४ साली याच तालुक्यात कोचाळ्याजवळ उभे राहिले; पण पाड्यावरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा काही उतरला नाही. पहाटे उठून पाण्याच्या रांगेत उभी राहिलेली बाई आणि रात्री उशिरा कामावरून परतलेला पुरुष यांच्यात ‘संवाद’ व्हावा, अशी अपेक्षा करताना हे चित्र डोळ्यांपुढे असलेले बरे.

उचल कोणी घेतली?

पावसाळी पीक हाती आले, दिवाळी झाली, की या भागातील अनेक कुटुंबे घराला कडी लावून निघतात. भिवंडी, वाडा, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, रेतीचे काम, इमारतींची बांधकामे, नाशिककडच्या द्राक्षबागा ही त्यांची ठिकाणे. भट्टीवर जाणारे कुटुंब बहुधा आधी ‘उचल’ घेते. सणासुदीचा खर्च, आजारपण, घरातले एखादे लग्न यांसाठी घेतलेली ही रक्कम पुढच्या पाच-सहा महिन्यांत अंगमेहनतीने फेडायची असते. हजार विटांमागे ठरलेला दर, आठवड्याच्या बाजारापुरती मिळणारी ‘खर्ची’, आणि पावसाच्या तोंडावर होणारा हिशेब, असा हा क्रम. हिशेबात उचल फिटली तर ठीक. नाही तर ती ‘अंगावर राहते’ आणि पुढच्या हंगामात तेच पाय त्याच भट्टीकडे वळतात.

या व्यवहारात एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वीट नवराबायको मिळून पाडतात. मातीचा गारा तुडवणे, साच्यात भरणे, वाळलेल्या विटा वाहणे यांत दोघांचेही, आणि पुष्कळदा मुलांचेही, हात असतात. मात्र वहीत नाव एकट्या पुरुषाचे. उचल किती घेतली, कोणाकडून घेतली, तिच्यातले किती वाटेतच खर्च झाले, हे बायकोला बहुधा मागाहून कळते आणि कधी कळतही नाही. जो करार दोघांच्या देहावर झाला, त्याच्या अटी एकालाच ठाऊक असतात. येथेच भांडणाचे मूळ रुजते. बाई विचारते, ‘पैसे किती घेतलेस?’ प्रश्न साधा असतो. परंतु उत्तर देणाऱ्याला त्यात हिशेबनिसाचा जाब ऐकू येतो, कारण उत्तर त्याच्यापाशी नसते किंवा असले तरी सांगण्याजोगे नसते. मग आवाज चढतो, नाही तर तो उठून निघून जातो. या दोन्ही गोष्टींना लोक ‘राग’ म्हणतात. खरे पाहता ती लाज असते.

ही गुंतागुंत आजची नाही. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात एके काळी ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नाच्या खर्चासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्यात या पद्धतीलाही हादरा बसला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या दिवसांचे वर्णन केले आहे. पुढे १९७६ साली वेठबिगार नष्ट करणारा कायदा देशभर झाला. लग्नगड्याच्या संसाराचा पहिला दिवसच गुलामीचा पहिला दिवस असे. ज्या विवाहाची सुरुवात दोघांच्या गहाणखताने होते, त्यातल्या स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी मृदू बोलावे, हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

येथे एक विसंगतीही नोंदवण्यासारखी आहे. वारली समाजात लग्न लावते ती ‘धवलेरी’ ही स्त्री. वधूपक्षाकडून हुंडा घेण्याऐवजी वरपक्षाने ‘देज’ देण्याची चाल तेथे आहे. पटले नाही तर वेगळे होण्याला आणि स्त्रीने पुन्हा संसार मांडण्याला रूढीची मान्यता आहे. लग्नविधीचा खर्च झेपत नाही म्हणून वर्षानुवर्षे एकत्र राहून, मुलेबाळे झाल्यावर सवडीने लग्न लावणारी जोडपीही तेथे आढळतात. म्हणजे रूढीच्या बाबतीत या समाजातील स्त्रीला पांढरपेशा स्त्रीपेक्षा काकणभर अधिकच मोकळीक होती. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली असे प्रतिपादन केले की, कोणत्याही संस्थेत असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. आदिवासी स्त्रीला रूढीने बाहेर पडण्याची वाट दिली होती. कर्जाने ती बंद केली. उरला आवाज. तो दिवसभराच्या श्रमाने आणि माहितीच्या अभावाने क्षीण झाला. अबोला ही त्यानंतरची पायरी आहे.

आवरणे आणि गिळणे

भावनांचे नियमन आणि संभाषण यांच्या संबंधावर गेल्या तीन-चार दशकांत पाश्चात्त्य विद्यापीठांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातील एक भेद सामान्य वाचकाने जरूर ध्यानात घ्यावा. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने भावना आवरण्याच्या दोन रीती वेगळ्या केल्या. एकीत माणूस घडलेल्या गोष्टीचा अर्थ नव्याने लावतो. ‘तिने टोमणा मारला’ असे न म्हणता ‘ती आज दमली आहे’ असे स्वतःला सांगतो. दुसरीत तो मनातली खळबळ तशीच ठेवून चेहरा तेवढा कोरा करतो. बाहेरून दोन्ही शांतच दिसतात. परिणाम मात्र भिन्न. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात परस्परांना अपरिचित अशा स्त्रियांच्या जोड्यांना एक विदारक चित्रपट दाखवून त्यावर बोलायला सांगितले. काही जोड्यांतील एकीला भावना लपवण्याची गुप्त सूचना होती. त्या जोड्यांत आपुलकी कमी निर्माण झाली, आणि विशेष म्हणजे जिला काहीच सूचना नव्हती त्या समोरच्या स्त्रीचाही रक्तदाब वाढला. तात्पर्य, गिळलेला राग गिळणाऱ्याच्याच पोटात राहत नाही. तो समोरच्याच्याही अंगात भिनतो. अबोल्याच्या घरात वाढलेल्या कोणत्याही मुलाला हे प्रयोगाशिवाय ठाऊक असते.

नवराबायकोंवरच झालेला एक अभ्यास याहून अधिक विचार करायला लावणारा आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात ऐंशीहून अधिक जोडप्यांचे वाद चित्रित करून ती जोडपी अनेक वर्षे अभ्यासली गेली, आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वादानंतर पत्नी जितकी लवकर शांत होई, तितके दोघांचेही वैवाहिक समाधान अधिक आढळले. आणि पुढील वर्षांत तिचे स्वतःचे समाधान वाढले ते शांत झाल्यावर झालेल्या विधायक बोलण्यामुळे. पतीच्या शांत होण्याचा असा परिणाम दिसला नाही.

या निष्कर्षाचे आपल्याकडे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘पाहा, शास्त्रही म्हणते, बाईने पडते घ्यावे!’ असा त्याचा अनुवाद होईल. तो चुकीचा आहे. लाभ दिसला तो पडते घेण्याचा नसून शांत होऊन बोलण्याचा होता. आणि बोलायला दुसऱ्या बाजूला ऐकणारा लागतो. शिवाय येथे अर्थशास्त्राचा एक प्राथमिक प्रश्न विचारलाच पाहिजे : या शांततेची किंमत कोण मोजतो? अमर्त्य सेन यांनी १९९० च्या सुमारास कुटुंबाचे वर्णन सहकार्य आणि संघर्ष यांचे एकत्र ठिकाण असे केले. कुटुंबात दोघांचा फायदा सहकार्यातच असतो. परंतु त्या फायद्याची वाटणी कशी होणार, हे ज्याची पडती बाजू त्याच्यावर ठरते. जिच्या नावे जमीन नाही, वहीत नाव नाही, जिला आपल्या श्रमाचे मोलही माहीत नाही, ती ‘समजूतदार’ होते. तिच्या समजूतदारपणाला आत्मसंयम म्हणणे म्हणजे उपाशी माणसाच्या उपासाला एकादशी म्हणण्यासारखे आहे.

दारिद्र्य स्वतःच मनाची शक्ती कशी खाते, याचाही पुरावा आहे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तामिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी ऊस जाण्यापूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, बुद्धीच्या आणि मनोनिग्रहाच्या चाचण्यांत मागे पडले. पैसे आल्यानंतर त्यांचीच कामगिरी सुधारली. माणूस तोच, फरक खिशाचा. मग खोडाळ्याच्या पाड्यावर भादव्यात, घरातले धान्य संपत आले असताना, नवराबायकोत खडाखडी अधिक होत असल्यास तो स्वभावदोष मानायचा की हंगामाचा दोष?

टिळकांचे घर आणि आपले घर

याचा अर्थ माणसाच्या स्वभावाला काहीच स्थान नाही, असा मात्र नव्हे. सारे परिस्थितीवर ढकलणे ही दुसरी चूक होईल. खोडाळ्याच्या पूर्वेला त्र्यंबकेश्वर ओलांडून नाशिककडे गेले की गोदाकाठी जलालपूर लागते. लक्ष्मीबाई टिळकांचे हे जन्मगाव. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, आणि मराठीत नवराबायकोच्या बोलण्याचा, भांडण्याचा व पुन्हा बोलण्याचा याहून प्रामाणिक दस्तऐवज क्वचितच सापडेल. रेव्हरंड टिळक प्रेमळ, उदार आणि कमालीचे तापट. पैसा हातात ठरत नसे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा पत्नी त्या निर्णयात सहभागी नव्हती. पुढे काही वर्षे दोघे वेगळे राहिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

या संसारात रागाची कमतरता नव्हती, पैशाची होती. तरी तो टिकला आणि फुलला. कारण शोधले तर दोन गोष्टी दिसतात. एक, टिळकांचा राग जितका झटपट येई तितकाच झटपट ओसरे, आणि ओसरल्यावर चूक कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. दुसरी, लक्ष्मीबाईंनी राग गिळला नाही. त्याच्याकडे विनोदाने पाहिले. ग्रॉसच्या परिभाषेत त्यांनी घटनेचा अर्थ नव्याने लावला. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी तो बोलून दाखवला आणि अखेर लिहूनही ठेवला. मनोनिग्रह आणि मौन यांतले अंतर समजून घ्यायचे तर हे पुस्तक पुरेसे आहे.

आता ज्या घरात दरमहा ठरलेला पगार येतो, त्या घराचे काय? शिक्षक दिवसभर साठ मुलांपुढे आवाज न चढवता उभा राहतो. कारकून खिडकीपलीकडच्या माणसाचा त्रागा आणि आतल्या साहेबाची बोलणी एकाच चेहऱ्याने ऐकतो. परिचारिका, कंडक्टर, बँकेतला रोखपाल यांची गत निराळी नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांचा अभ्यास करून अशा कामाला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. पगार केवळ हाताच्या कामाचा नसतो, चेहऱ्यावरच्या हास्याचाही असतो, हा त्यांचा मुद्दा. हे श्रम करून थकलेला माणूस घरी येतो तेव्हा संयमाची शिल्लक संपलेली असते. परक्यासाठी राखलेला गोडवा कचेरीत खर्च होतो आणि घरच्यांच्या वाट्याला येते ती उधारी. घरातली स्त्रीही नोकरी करणारी असेल तर दोघेही रिकाम्या खिशाने समोरासमोर येतात. तशात तिला पुन्हा स्वयंपाकघराची दुसरी पाळी असते.

म्हणजे खोडाळ्याचे जोडपे आणि डोंबिवलीचे जोडपे यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही. एकाकडे उचल आहे, दुसऱ्याकडे घरकर्जाचा हप्ता. एकाने उचल न सांगता घेतली, दुसऱ्याने पतपेढीचे कर्ज न सांगता काढले, भावाला पैसे न सांगता दिले. ‘विचारलंस तर भांडण होईल’ ही भीती आणि ‘सांगितलं नाहीस म्हणून भांडण झालं’ हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की, डोंबिवलीच्या चुकीची भरपाई पुढच्या पगारात होऊ शकते. खोडाळ्याची चूक अख्खा हंगाम घेऊन जाते आणि तिच्यासोबत मुलांचे शाळेचे वर्षही.

उपदेशापलीकडे

मग करावयाचे काय? ‘राग आवरा’ हा उपदेश फुकट मिळतो म्हणूनच तो फार वाटला जातो. त्याऐवजी काही व्यावहारिक गोष्टी सुचवता येतील.

पहिली गोष्ट हिशेबाची. नवराबायकोतील संवादाची सुरुवात भावनांपासूनच झाली पाहिजे, असे नाही. ती आकड्यांपासूनही होऊ शकते. उचल घेताना दोघांनी समोर असावे, वहीत दोघांची नावे असावीत, आणि भट्टीवरचा आठवड्याचा आकडा दोघांनाही माहीत असावा, एवढी साधी रीत पडली तरी अर्ध्या भांडणांचे कारण नाहीसे होईल. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. या योजनांचे मूल्यमापन किती रस्ते आणि किती बंधारे झाले यावरून होते. गावातच काम आणि बाईच्या स्वतःच्या नावे मजुरी मिळाली, तर घरातले बोलणे बदलते. हा लाभ कोणत्याही तक्त्यात धरला जात नाही. पण तो खरा आहे. जिच्या हातात चार पैसे स्वतःचे असतात, तिच्या प्रश्नाला जाब न मानता प्रश्न मानण्याची सवय समोरच्याला लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. रागाच्या भरात हृदयाचे ठोके वाढलेले असताना समोरच्याचे शब्द कानावर पडतात, पण मनात शिरत नाहीत. पतिपत्नींच्या संबंधांचे अभ्यासक जॉन गॉटमन अशा वेळी किमान वीस मिनिटे थांबावे, असे सुचवतात. आपल्याकडे थांबण्याची कला पुष्कळांना अवगत आहे. परत येण्याची नाही. दार आपटून निघून जाणे आणि ‘जरा फिरून येतो, मग बोलू’ असे सांगून जाणे यांत शब्द चारच अधिक आहेत, पण एकाने संभाषण संपते आणि दुसऱ्याने ते पुढे ढकलले जाते. अबोला वाईट आहे तो शांततेमुळे नव्हे, तर त्याला मुदत नसते म्हणून. मुदत नसलेल्या कर्जासारखे त्याचे व्याज चढत राहते.

तिसरी गोष्ट मर्यादेची, आणि ती निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. हात उगारला गेला की विषय संवादाचा राहत नाही. मार खाणाऱ्या स्त्रीला भावनांच्या नियमनाचा सल्ला देणे हा क्रूरपणा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबरच आर्थिक छळाचाही, म्हणजे घरखर्च रोखणे, तिच्या हक्काचा पैसा हिरावणे याचाही समावेश आहे. कायदा करणाऱ्यांना जे उमगले ते समुपदेशन करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे : घरातला पैसा आणि घरातला राग या दोन निराळ्या खात्यांतल्या नोंदी नव्हेत. अर्थात कायदा कागदावर आहे आणि खोडाळ्याच्या पाड्यापासून कोर्टाची पायरी दूर आहे. म्हणूनच अंगणवाडी, आश्रमशाळा, बचत गट आणि ग्रामसभा यांच्याकडे केवळ सरकारी योजनांची केंद्रे म्हणून न पाहता, जेथे बाईला न घाबरता बोलता येईल अशा जागा म्हणून पाहिले पाहिजे.

दर वर्षी दिवाळीनंतर खोडाळ्याच्या नाक्यावर बोचकी, पातेली, कोंबड्या आणि पोरे घेऊन गाडीची वाट पाहणारी कुटुंबे दिसतात. त्या गाडीत शेजारी शेजारी बसलेल्या नवराबायकोत त्या वेळी काय बोलणे होत असेल? बहुधा काहीच नाही. एकाच्या मनात न सांगितलेला आकडा असतो, दुसरीच्या मनात न विचारलेला प्रश्न. त्या दोघांना मनावर ताबा ठेवायला शिकवण्यासाठी शहरातून कोणी जाण्याची गरज नाही. तो ताबा त्यांच्यापाशी हवा त्याहून अधिकच आहे. गरज आहे ती त्या आकड्याला आणि त्या प्रश्नाला एकमेकांसमोर येण्याची संधी मिळण्याची. ती संधी देणे हे एकट्या नवऱ्याचे काम नव्हे, एकट्या बायकोचे तर नव्हेच. त्यांच्या हातच्या विटांनी ज्यांची घरे उभी राहिली, त्या शहरांचेही ते देणे आहे.